महागाची म्हणून चांगली?

आजचा विषय वाचून दचकू नका. या सदरात आपण तुरीच्या डाळीचा भाव काढतो, गॅस कसा पुरवावा ते बोलतो, वाळवणाला बुरशी लागू नये म्हणून काय करावं ते सांगतो. आज मात्र बिअरबद्दल बोलायचं आहे. ‘अगंबाई, तुम्हीसुद्धा?’ असं कुणी म्हणायच्या आत सांगून टाकते की मी ती तोंडाला लावत नाही आणि तुम्ही लावावी असंही माझं म्हणणं नाही. पण घरातला पैसा ज्या वस्तूवर जातो, तिचा भाव गृहिणीला कळायला नको का? आणि पैसा तर जातो आहे. चोरून जात नाही, चांगला बिल फाडून जातो आहे.

झालं असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेचे तास संपले आणि आम्ही चौघं पोंभुर्ण्याहून पुण्याला धाकट्या दिरांकडे गेलो. भाऊजी संगणकाच्या कंपनीत आहेत, जाऊही नोकरी करते. शुक्रवारी रात्री भाऊजी म्हणाले, “वहिनी, आज स्वयंपाक बंद. तुम्हाला एक गंमत दाखवतो.”

गंमत म्हणजे एक मोठं हॉटेल. आत काचेच्या भिंतीमागे माणसाहून उंच, लखलखीत स्टीलच्या टाक्या उभ्या होत्या. बिअर तिथंच तयार होते आणि तिथंच ग्लासात ओततात. याला मायक्रोब्रुअरी म्हणतात आणि अशा थोड्याथोडक्या प्रमाणात केलेल्या बिअरला क्राफ्ट बिअर. महाराष्ट्रात याची सुरुवात पुण्यातच झाली. 2009 साली तिथं ‘डूलाली’ नावाची पहिली मायक्रोब्रुअरी निघाली. पुढे पुण्या-मुंबईत अशा बऱ्याच जागा झाल्या.

मी आणि जावेनं लिंबू सरबत घेतलं, मुलांनी बटाट्याच्या फोडी खाल्ल्या. आमच्या ह्यांनी ताक मागितलं, ते मिळालं नाही. भाऊजींनी तीन ग्लास घेतले, तीन निरनिराळ्या रंगांचे. बिल आलं तेव्हा मी सवयीनं हात पुढे केला. पाचशे मिलिलिटरच्या एका ग्लासाला साडेचारशे रुपये! मी तासिका तत्त्वावर इतिहास-भूगोल शिकवते. माझे किती तास त्या ग्लासात बुडतील याचा हिशेब मी मनात करून पाहिला आणि गप्प बसले.

रात्री ओट्याशी भांडी लावताना जाऊ हळूच म्हणाली, “ताई, पैशाचं एक सोडा. पण हे म्हणतात ही बिअर चांगली असते, शुद्ध असते, हिच्यानं काही होत नाही. दर शुक्रवारी जातात. तुम्हाला काय वाटतं, खरंच काही होत नसेल?”

तिचा प्रश्न साधा होता, पण मला तो लागला. आमच्या घरात तो प्रश्न साधा नाही. माझे सासरे 2013 साली गेले. आधी कावीळ म्हणून गावठी औषध केलं, मग पोटात पाणी होऊ लागलं, मग चंद्रपूर, नागपूर. डॉक्टरांनी लिव्हर गेलं म्हणून सांगितलं. सासरे रोज संध्याकाळी मोहाची घेत. शिवीगाळ नाही, मारझोड नाही, निजायच्या आधी आपली शांतपणे घेत. भाऊजी तेव्हा इंजिनिअरिंगला होते. त्यांच्या मनानं एक धडा घेतला, तो असा की बाबा हातभट्टीची घेत म्हणून गेले, मी चांगली घेईन. मोठ्या मुलानं, म्हणजे आमच्या ह्यांनी, दुसरा धडा घेतला आणि थेंबही घेतला नाही. एकाच अंगणातली दोन मुलं. म्हणून म्हटलं, या महागड्या बिअरचा एकदा नीट हिशेब मांडूनच पाहू.

आधी ती होते कशी ते बघा, म्हणजे भाव कशाचा ते कळेल. आपण बाळासाठी नाचणीचं सत्त्व करतो, तेव्हा नाचणी भिजवतो, मोड आणतो, वाळवतो, भाजतो. बिअरसाठी जवाला, म्हणजे सातूच्या जातीच्या धान्याला, तसेच मोड आणून वाळवतात. त्याला माल्ट म्हणतात. जास्त भाजलं की बिअर काळपट होते, कमी भाजलं की सोनेरी. हे भरडून कोमट-गरम पाण्यात ठेवलं की धान्यातला स्टार्च विरघळून साखर होते. तो गोड काढा गाळून उकळतात आणि त्यात हॉप्स नावाच्या वेलीची फुलं टाकतात. कडवटपणा आणि वास त्यांचाच. मग निववून त्यात यीस्ट घालतात. पावाच्या पिठात घालतो तेच कूळ. यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व फेसाचा वायू तयार करतं. पाणी, माल्ट, हॉप्स आणि यीस्ट, झाली बिअर. जर्मनीत बव्हेरियाच्या राज्यकर्त्यांनी 1516 साली कायदाच केला होता की बिअरमध्ये जव, हॉप्स आणि पाणी यांशिवाय काही घालायचं नाही. यीस्टची ओळख तेव्हा लोकांना नव्हती.

आता महाग का, ते बघू. मोठ्या कारखान्यांत माल्टच्या जोडीला तांदूळ, मका किंवा साखर वापरतात. त्यानं बिअर हलकी आणि स्वस्त होते. क्राफ्टवाले बहुतेक सगळं माल्टच वापरतात, फार तर गहू. हॉप्सही सढळ हातानं घालतात आणि ते जास्त करून जर्मनी-अमेरिकेहून येतात. शिवाय घाण लहान. पन्नास माणसांचा स्वयंपाक करायला जो वेळ लागतो, त्याच्या निम्म्या वेळात पाच माणसांचा होत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. टाकीत आठवडे-आठवडे थंडगार ठेवायची, म्हणजे विजेचं बिल. बाटलीतल्या बिअरसारखी तापवून टिकाऊ केलेली नसते, म्हणून लवकर खपली नाही तर ओतून द्यायची. वर परवाना, उत्पादन शुल्क आणि शहरातल्या जागेचं भाडं.

म्हणजे महाग आहे ती उगाच नाही. आपणसुद्धा लाकडी घाण्याचं तेल दुप्पट भावानं आणतोच ना? त्याचा वास, त्याची चव वेगळी म्हणूनच आणतो. तसंच हे. भाऊजींनी मला तिन्ही ग्लासांचा नुसता वास घ्यायला लावला. खोटं कशाला बोलू, गव्हाच्या बिअरला खरंच केळ्यासारखा वास होता आणि काळपट बिअरला भाजलेल्या कॉफीचा. कडू होती तिचं नाव ‘इंडिया पेल एल’. इंग्लंडहून हिंदुस्थानात जहाजानं येणारी बिअर म्हणून तिला आपल्या देशाचं नाव पडलं. शाळेत ईस्ट इंडिया कंपनी शिकवताना आता मला हे मुलांना सांगता येणार नाही, एवढंच काय ते दुःख!

पण थांबा. सगळा जास्तीचा पैसा त्या चवीत जातो का? मी घरी आल्यावर बिलाच्या पाठीवर आकडे मांडले. भाऊजींच्या म्हणण्याप्रमाणे साधी 650 मिलिलिटरची बाटली दुकानात दोनशेच्या आसपास मिळते, त्याच हॉटेलात ती चारशेला. म्हणजे शंभर मिलिलिटरला दुकानात सुमारे 31 रुपये, हॉटेलात 61 रुपये आणि क्राफ्टला 90 रुपये. दुकानातल्या बाटलीपेक्षा क्राफ्टला जे 59 रुपये जास्त मोजले, त्यातले 30 खुर्चीचे, दिव्यांचे, गाण्याचे. बिअरच्या वेगळेपणाचे फक्त 29. तेव्हा ‘चांगल्या बिअरला तिप्पट पैसे पडतात’ असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, बाबा रे, जास्तीच्या पैशातले निम्मे तर बसण्याचे आहेत. चव हवी असेल तर तिचे 29 कदाचित वाजवी असतील. घेणाऱ्यानं ठरवावं.

बिल बघताना आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. खाण्यावर जीएसटी लागतो, दारूवर तो लागत नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट असतो. दोन्ही वेगवेगळे लावले आहेत ना, ते पाहा. आणि ‘सर्व्हिस चार्ज’ म्हणून काही जोडलं असेल तर ते देणं सक्तीचं नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 2022 सालीच तसं स्पष्ट केलं आहे. हे लग्नाच्या वाढदिवसाला जेवायला गेलात तरी उपयोगी पडेल.

आता जावेच्या प्रश्नाकडे येते. शुद्ध आहे म्हणून काही होत नाही का?

यात भाऊजींचं अर्धं बरोबर आहे. चोरट्या दारूत मिथाइल अल्कोहोलसारखं विष मिसळलेलं असलं तर माणसं पटापट मरतात, डोळे जातात. 2015 च्या जून महिन्यात मुंबईत मालवणीला अशाच दारूनं शंभरावर माणसं गेली. परवान्याच्या जागी, डोळ्यांसमोर तयार झालेल्या बिअरला ही भीती नाही, हे मान्य. पण मग दुकानातल्या साध्या परवान्याच्या बाटलीलाही ती नाही. साडेचारशे देऊन ही सुरक्षितता विकत घेतली असं म्हणता येत नाही. आणि मोठ्या कारखान्यातले तांदूळ, मका म्हणजे काही विष नव्हे, आपण ते रोजच खातो.

राहिलं अर्धं. ते आकड्यांनीच सांगते. पाच टक्क्यांच्या बिअरच्या 500 मिलिलिटरच्या ग्लासात 25 मिलिलिटर अल्कोहोल असतं. व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये साधारण तेवढंच असतं. म्हणजे भाऊजींनी शुक्रवारी तीन रंगांचे तीन ग्लास घेतले, ते तीन मोठे पेग झाले. केळ्याच्या वासाचा एक, कॉफीच्या वासाचा एक आणि ईस्ट इंडिया कंपनीचा एक! अल्कोहोल मोहाचं असो, जवाचं असो की द्राक्षाचं, लिव्हरला ते एकच. ते किती पोटात गेलं, हे लिव्हर मोजतं. कितीला पडलं, हे मोजत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं दारूला 1988 सालीच कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं आहे. 2023 च्या जानेवारीत संघटनेनं आणखी स्पष्ट सांगितलं की अमुक प्रमाणापर्यंत दारू निर्धोक, अशी सीमा दाखवता येत नाही. कमी घेतली तर धोका कमी, जास्त घेतली तर जास्त, एवढंच. महाग-स्वस्त असा फरक त्यात कुठंच नाही. ‘न गाळलेली असते, ब जीवनसत्त्व असतं’ असंही भाऊजी म्हणाले. असेल थोडं. त्यासाठी मटकीची उसळ पुरे. उलट एका मोठ्या ग्लासात दोन पोळ्यांइतके उष्मांक असतात, ते जेवणाच्या वर.

सुट्टी संपून पोंभुर्ण्याला परतलो. आमच्याकडे दूध-भाजीच्या वाटेवर एक मावशी भेटते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे चारला उठून टोपली घेऊन मोहाखाली जाते. फुलं रात्री-पहाटे गळतात, जनावरं यायच्या आत वेचावी लागतात. वाघाची भीती काय असते ते आमच्या जिल्ह्यातल्या बाईला विचारा. वेचून, उन्हात वाळवून, निवडून विकायची. मी तिला सहज विचारलं, “मावशी, यंदा मोह किती भावानं दिला?”

“चाळीस रुपये किलो, बाई. काहून?”

मी पुण्याच्या ग्लासाचा भाव सांगितला. तिनं बोटांवर मोजलं, साडेचारशे म्हणजे अकरा किलोच्या वर वाळलेला मोह. “चार-पाच दिवस वाकून राहा लागते आमाले तेवढ्यासाठी,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “आमच्या मानसानं घेतली का गावठी, अन् त्यायनं घेतली का ते काय म्हनता, क्राफ?”

मैत्रिणींनो, हसू आलं खरं, पण विचार करा. थोड्या प्रमाणात, हातानं, जवळच्या मालापासून, त्या त्या मुलखाच्या चवीची, हीच क्राफ्टची व्याख्या ना? मग मोहाची याहून वेगळी कुठं होती? आता मोहालाही तसे दिवस येऊ लागले आहेत. मध्य प्रदेशात मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ म्हणून बाटलीत भरून विकायचं धोरण झालं. गोव्याच्या काजू फेणीला तर 2009 सालीच भौगोलिक मानांकन मिळालं. आपल्या राज्यातही मोहफुलं गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे जुने निर्बंध 2021 मध्ये सैल झाले. मावशीला त्यातून किलोमागे दहा रुपये जास्त मिळाले तर मला आनंदच होईल. तिच्या पहाटेची किंमत चाळीस रुपये किलो नाही. पण फुलाला चांगला भाव मिळणं वेगळं आणि बाटलीला चांगलं नाव मिळणं वेगळं. नाव चांगलं झालं म्हणून माझ्या सासऱ्यांचं लिव्हर वाचलं नसतं.

आमच्या जिल्ह्यातल्या बायकांना हे पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून नागपूरला, विधिमंडळाच्या अधिवेशनावर, श्रमिक एल्गारच्या बायका चालत गेल्या होत्या. 1 एप्रिल 2015 पासून चंद्रपूर जिल्ह्यात दारूबंदी झाली, 2021 मध्ये ती उठली. वैनगंगेपलीकडे गडचिरोलीत 1993 पासून बंदी आहे. बंदी असावी की नसावी यावर आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीतसुद्धा दोन तट आहेत, त्यात आज शिरत नाही. पण बंदी असो वा नसो, घरातल्या माणसाचा हिशेब घरातच मांडावा लागतो.

म्हणून मी तो मांडला. जावेच्या हातून नाही, कारण नवऱ्याला बायकोचा हिशेब टोमणा वाटतो. वहिनी म्हणून मी स्वतःच भाऊजींना फोन केला. आधी चवीची तारीफ केली, मग म्हटलं, “भाऊजी, रागावणार नसाल तर दोन आकडे सांगते. एका शुक्रवारचे खाण्यापिण्याचे तुमच्या एकट्याचे दोन हजार धरले तर महिन्याचे आठ, वर्षाचे शहाण्णव हजार. हा एक. आणि शुक्रवारचे तीन मोठे पेग, हा दुसरा. पहिला आकडा तुमच्या पगाराला झेपेल. दुसऱ्याचं तुम्ही बघा.”

पलीकडून बराच वेळ आवाज नाही. मग म्हणाले, “वहिनी, मी ते पेगात कधी मोजलंच नव्हतं.” आणि जरा वेळानं, “बाबा रोज किती घेत असतील हो?” मला उत्तर माहीत नव्हतं. आमच्या घरात ते कुणी मोजलंच नव्हतं.

बिअर सोडली असं भाऊजींनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मागच्या आठवड्यात जावेचा फोन आला. आता महिन्यातून एकदा दोघं मिळून जातात, भाऊजी एक लहान ग्लास घेतात आणि त्यावर दीड तास गप्पा मारतात. एवढं पुष्कळ झालं असं ती म्हणाली. पुष्कळ झालं की नाही ते मला ठाऊक नाही, पण आता ते मोजतात.

तर तुमच्याही घरात कुणी अशी महागडी बिअर घेत असेल, तर भांडू नका. बिल मागून घ्या आणि शांतपणे चार प्रश्न विचारा. जास्तीचे पैसे मालाचे किती आणि बसण्याचे किती? ग्लास किती मिलिलिटरचा आणि टक्के किती? त्याचे मोठे पेग किती झाले? आणि महिन्यातून किती वेळा? घरातला तरुण मुलगा मित्रांबरोबर जात असेल तर पाचवाही विचारा: वय किती? आपल्या राज्यात बिअरसाठी 21 आणि कडक दारूसाठी 25 वर्षांची अट आहे.

क्राफ्ट बिअर आपल्या किमतीची आहे का, या प्रश्नाचं माझं उत्तर इतकंच. चवीचे पैसे म्हणून देत असाल, झेपत असतील, तर तुमचं तुम्ही पाहा, फसवणूक नाही. पण तब्येतीला चांगली म्हणून देत असाल, तर त्यातला एक पैसाही वसूल होत नाही.

पुढच्या आठवड्यात मोहफुलांचेच लाडू सांगते. मावशीकडून दोन किलो घेऊन ठेवलेत, पन्नासच्या भावानं. तिनं चाळीसच मागितले होते.